अण्णांचं वेबिल

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते; प्रत्येक फेरीच्या तिकिटांचा हिशेब वेबिल नावाच्या रकान्यांच्या कागदावर भरायचे. नोकरीतली बरीचशी वर्षं कल्याण-नगर रस्त्यावर गेली. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी दादाने डोंबिवलीतला एसी हॉल आणि बुफे ठरवायला घेतला, तेव्हा अण्णांनी एकच विचारलं, "मी ताट धरू की काठी?" विषय तिथेच संपला.

मग त्यांच्याच रस्त्यावर, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या अलीकडे, शेतात बांधलेलं एक हॉटेल मिळालं. जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, त्या भागात अशी ठिकाणं आता बरीच दिसतात. कुठे द्राक्षाची बाग, कुठे बैलगाडी. आमच्या ठिकाणी सहा खोल्या, लांबलचक पडवी आणि समोर टोमॅटो.

तारखेवरूनही घरात वाद झालाच. अण्णांचा जन्म ऑक्टोबर १९४४चा. आत्या म्हणाली ऐंशी पूर्ण झाले की करतात, गुरुजी म्हणाले एक्याऐंशीवं लागलं की केव्हाही. अण्णा कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर गणित मांडून बसले: एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस आणि वर थोडं, गुणिले हजार, म्हणजे ८० वर्षं १० महिने. "त्याआधी केलं तर विनातिकीट प्रवास." म्हणून ऐन पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये निघालो. चंद्र दिसायची आशा नव्हतीच.

मुरबाड सोडलं आणि अण्णा ड्युटीवर चढले. टोकावडे, मग माळशेज, घाट चढून खुबी फाटा, मढ, डिंगोरे; प्रत्येक थांबा यायच्या आधी नाव. घाटात धबधब्याखाली गाड्या लावून नाचणाऱ्या पोरांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती नजर आम्ही लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही घेताना बघितलेली आहे.

पोचल्यावर पहिली कुरबुर. फोनवर तळमजल्याची खोली कबूल केली होती, मिळाली वरची. जिन्याला एकाच बाजूने कठडा. मी आवाज चढवला, तासाभराने खोली बदलून मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला गार पाणी. गरम पाण्याची सगळी भिस्त सोलरवर आणि चार दिवस ऊन नाही! मालकाने मागच्या अंगणातला बंब पेटवला आणि कळशी घेऊन स्वतः आला, पण तोवर अण्णा बनियनवर कुडकुडत बसले होते. हे सगळं आधी सांगितलं असतं तर आम्ही आंघोळी उशिरा ठेवल्या असत्या, एवढंच.

औक्षणाचे ८१ कणकेचे दिवे मालकीणताईंनी केले. पडवीत वारा इतका, की एका टोकाचे लावेपर्यंत दुसऱ्या टोकाचे विझत. शेवटी नातवंडांनी ताडपत्री धरली.

पण मला सांगायचंय ते जेवणाचं. मासवडी मी आधी खाल्ली होती, होताना पाहिली नव्हती. ताईंनी कढईत बेसन हाटलं, इतकं घट्ट की उलथनं उभं राहावं. ओल्या फडक्यावर ते गरमागरमच हाताने थापलं. बोटं मधूनमधून पाण्यात बुडवायची. वर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, कांदा, लसूण यांचं सारण. मग फडक्याच्याच आधाराने घडी घालून दाबून लांबट आकार दिला. कापल्यावर माशाच्या तुकडीसारखी दिसते, मासा औषधालाही नाही. आत्याचा चातुर्मास होता, तिच्यासाठी बिनकांदालसणीची छोटी वडी वेगळ्या फडक्यावर. हे आम्ही सांगितलं नव्हतं. आदल्या रात्री आत्याने कांदा बाजूला काढलेला ताईंनी पाहिला होता.

पंगत पडवीतच. अण्णांना खुर्ची आणि समोर पाट ठेवलेलं स्टूल. त्यांना दात मोजके. ताईंनी न विचारता बाजरीची भाकरी त्यांच्या ताटात कुस्करली, वर कढत रस्सा ओतला आणि म्हणाल्या, "बाबा, भिजू द्या जरा, घाई नाही." मग वाढतच राहिल्या. आग्रह हा शब्द आम्ही लग्नाच्या पत्रिकेत वापरतो, पण हातात वडी घेऊन समोर उभं राहायला आता कोणाला वेळ असतो? बुफेत तर वाढपीच तुम्हाला टाळतो.

निघताना बिलात न मागितलेल्या फुग्यांचे पंधराशे लावलेले. मी भांडून निम्मे कमी केले. तेवढ्यात मालकाने अभिप्रायाची वही अण्णांपुढे ठेवली. मी म्हटलं, खोलीचं आणि पाण्याचं लिहा हं. त्यांनी चष्मा पुसला, रकाने आखले आणि वेबिल भरावं तसं लिहिलं:

प्रवासी २३. भाकरी २. मासवडी ५. गरम पाणी १ कळशी, ४० मिनिटे उशिरा. पुन्हा येणे: होय.

खाली सही आणि बिल्ला नंबर.