आप्पांच्या गाडीचा ब्रेक लागला!

आप्पांच्या जुन्या डिझेल पिकअपला पुढे डिस्क ब्रेक आणि बूस्टर (व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा ओढून केलेल्या पोकळीच्या जोरावर पेडल हलकं करणारा डबा) बसवला, तरी पेडल दगडासारखं कडक. कोल्हापूरहून पेंडीची पोती भरून आंबा घाट उतरताना जीव मुठीत.

आज मेस्त्रींनी इंजिन बंद ठेवून पेडल बऱ्याचदा दाबलं, मग पाय तसाच दाबून ठेवत स्टार्टर मारला. पेडल किंचित खाली जायला हवं; हललंच नाही. म्हणजे बूस्टरला व्हॅक्यूमच नाही! डिझेलला त्यासाठी वेगळा पंप लागतो. आमचा अल्टरनेटरच्या मागे आहे, तो ठणठणीत. पंपाकडून बूस्टरला जाणारा पाइप मात्र क्लॅम्पखाली चिरलेला, बोटाने दाबल्याशिवाय दिसेना. बसवणाऱ्याने ही साधी चाचणी तेव्हाच करायला हवी होती, माणसं बसतात गाडीत!

नवा पाइप घातला, त्यावरचा वन-वे वाल्वही (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) बदलला. आप्पा स्वतः हातखंब्यापर्यंत चालवून आले, जाम खूश आहेत.