काळ्या मातीची धूळ आणि शर्यतीचे छायाचित्र

मेच्या अखेरीस खानदेशात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते आणि मोटारसायकलस्वाराच्या हेल्मेटच्या पुढे आलेल्या कडेखाली डोळ्यांच्या जागी नुसता अंधार उरतो. म्हणून धुळ्याच्या आसपासच्या माळावर मातीच्या ट्रॅकवरील शर्यत असली, की सकाळच्या हीट्स, म्हणजे प्राथमिक फेऱ्या, मी नऊ-साडेनऊपर्यंत टिपून घेते, दुपारी मेमरी कार्डे रिकामी करते आणि खरी भिस्त ठेवते ती साडेचारनंतरच्या अंतिम फेऱ्यांवर. सूर्य पश्चिमेला कलला, की ट्रॅकच्या पूर्वेकडे उभे राहून प्रकाशाच्या समोरून छायाचित्र घेता येते; दिवसभर जी धूळ करड्या पडद्यासारखी आडवी येत होती, तीच धूळ त्या वेळी उजळून निघते आणि स्वाराची आकृती तिच्यातून कोरल्यासारखी पुढे येते.

या धुळीविषयीच मला मुख्यतः लिहायचे आहे. आयोजक फेरीआधी टँकरने पाणी मारतात, त्यामुळे पहिल्या एक-दोन लॅपमध्ये चाकांमागे चिखलाची ढेकळे उडतात. पण वळणांवर टाकलेला मुरूम आणि त्याखालची काळी माती त्या उन्हात पाहता पाहता सुकते आणि मग धूळ इतकी बारीक होते, की ती खाली बसायलाच तयार नसते. नवखी असताना मी या धुळीपासून पळत असे. वारा कुठून वाहतो आहे ते पाहून तिच्या विरुद्ध बाजूला उभी राहत असे, शटर स्पीड सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत चढवत असे आणि लख्ख, स्वच्छ छायाचित्रे घेऊन घरी येत असे. त्या छायाचित्रांत टायरवरचा एकेक गुट्टा मोजता येई, पण गाडी जणू स्टँडवर उभी करून ठेवली आहे असे वाटे.

याचे कारण साध्या गणितात आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर पुढे जाते. म्हणजे १/२००० सेकंदात ती एक सेंटिमीटरसुद्धा सरकत नाही, १/१२५ सेकंदात मात्र १३ सेंटिमीटर आणि १/६० सेकंदात जवळजवळ २८ सेंटिमीटर सरकते. कॅमेरा स्वाराच्या बरोबरीने त्याच वेगाने फिरवत नेला, ज्याला आपण पॅनिंग म्हणतो, तर स्वार स्पष्ट राहतो, चाकांच्या तारा एकमेकींत मिसळतात आणि मागची बाभळीची झाडे आडव्या रेघा होऊन जातात. १/१२५ ला माझी दहांतली तीन-चार छायाचित्रे जमतात, १/६० ला एखादेच, आणि तरीही त्या एखाद्यासाठी मी प्रत्येक हीटमधला एक लॅप राखून ठेवते. पाय किंचित फाकवून, कोपर बरगडीला टेकवून, कमरेपासून वरचे शरीर वळवायचे आणि बटण दाबल्यावरही वळणे थांबवायचे नाही, हे हाताला बसायला मला दोन उन्हाळे लागले.

उडीच्या ठिकाणी हिशेब थोडा बदलतो. उडीच्या सर्वोच्च बिंदूवर गाडीचा वर जाण्याचा वेग संपलेला असतो आणि खाली येण्याचा सुरू झालेला नसतो, त्यामुळे त्या क्षणी कॅमेरा फक्त आडवा फिरवला तरी पुरते. ऑटोफोकस सतत चालू ठेवण्याचा पर्याय मी निवडते, पण फोकस बिंदूंचा गट लहान ठेवते. मोठा गट ठेवला, तर कॅमेरा स्वाराऐवजी त्याच्यापुढच्या धुळीच्या लोटालाच पकडतो. मैदानावर लेन्स मात्र मी कधीही बदलत नाही. ७०-२०० मिलिमीटरची एकच झूम लेन्स दिवसभर, तिच्यावर सुती पंचा, आणि घरी आल्यावर आधी फुंकणीने धूळ उडवून मगच कापड. कोरड्या मातीचे कण काचेवर घासले गेले, तर तो ओरखडा कायमचा राहतो.

खरी परीक्षा रात्री संगणकासमोर होते. दीड हजार फ्रेम्समधून साठ-सत्तर निवडणे हे कष्टाचे असले, तरी त्यात फार सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे आहे ते पुढचे. धूसरपणा घालवणारा स्लायडर हा शर्यतीच्या छायाचित्राचा मोठा शत्रू आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण जी धूळ दिवसभर अंगावर घेतली आणि जिच्यामुळे वेग दिसतो, तीच तो पुसून टाकतो. मी तो जवळजवळ वापरतच नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली माहिती, माझ्या कॅमेऱ्यात १४ बिटची असते, म्हणजे तिच्यात उजेड-सावलीच्या पुष्कळ छटा साठतात, त्यामुळे धुळीचा उजळ भाग जळू नये म्हणून एक्सपोजर किंचित कमी ठेवले, तरी हेल्मेटखालची सावली नंतर पुष्कळशी वर आणता येते.

यानंतर छायाचित्र लहान करायचे असते. ६००० बाय ४००० पिक्सेलचे मूळ चित्र ऑनलाइन ठेवण्यासाठी मी लांब बाजूला २०४८ पिक्सेलवर आणते आणि धार देण्याचे काम त्यानंतरच, तेही फक्त स्वार आणि गाडी यांच्यापुरते करते. धुळीला धार दिली, की ती वाळूच्या कागदासारखी खरखरीत दिसू लागते. जेपीईजी ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येकातला तपशील कमी करते, आणि दाब जास्त झाला तर सर्वांत आधी बिघडतात ते धुळीतले हळूहळू बदलत जाणारे रंग. तिथे पायऱ्या आणि ठोकळे उमटतात. म्हणून फाइल थोडी जड झाली तरी चालेल, पण गुणवत्तेचा आकडा मी शंभरपैकी ८५ च्या खाली नेत नाही. संदेशाच्या ॲपवरून नेहमीच्या मार्गाने पाठवलेले चित्र वाटेत पुन्हा दाबले जाते, हे ठाऊक असल्यामुळे स्वारांना मी छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवते.

रंगांच्या बाबतीत एक चूक मला महागात पडली होती. एका शर्यतीची सगळी छायाचित्रे मी ॲडोबी आरजीबी या रंगव्यवस्थेत तयार केली आणि निर्यात करताना रंगांची माहिती फाइलमध्ये जोडायची राहून गेली. माहिती नसलेले चित्र ब्राउझर सहसा एसआरजीबी, म्हणजे वेबवरची नेहमीची, त्याहून कमी रंगांची व्यवस्था, समजूनच दाखवतो. परिणामी स्वारांच्या भगव्या आणि पोपटी जर्सी धुतलेल्या कापडासारख्या विटक्या दिसू लागल्या आणि सगळा संच मला नव्याने करावा लागला. तेव्हापासून निर्यात एसआरजीबीमध्येच, आणि ठेवण्याआधी प्रत्येक चित्र मी साध्या मोबाइलवर, अंगणातल्या उजेडात पाहते, कारण पाहणारे बहुतेक जण ते तसेच पाहणार असतात.

शर्यतीच्या रात्री मोबाइल वाजू लागतो. साक्रीकडच्या एका मुलाचा संदेश येतो, “ताई, मना फोटू उना का?” (माझा फोटो आला का?) गेल्या वेळी त्याला मी दोन छायाचित्रे पाठवली होती : एक लख्ख, ज्यात त्याचा क्रमांक आणि नाव दोन्ही वाचता येत होते, आणि दुसरे १/१२५ चे, ज्यात पुढचे चाक धुळीतून वर उचललेले होते आणि क्रमांक अर्धा बुडालेला होता. त्याने दुसरे ठेवले. मला याचे फार समाधान वाटले, कारण गाडीवर बसून जे त्याला जाणवले होते त्याच्या जवळ जाणारे चित्र तेच होते.

पडण्याची छायाचित्रे मी या संचात घालत नाही. एखादा स्वार वळणावर घसरला, तर बोट बटणावर असल्यामुळे ती फ्रेम टिपली जातेच. पण ती वेगळ्या फोल्डरमध्ये राहते, तो स्वार सुखरूप घरी पोहोचल्याचे कळल्यावर आधी त्याला स्वतःला दाखवली जाते, आणि त्याने सांगितले तरच पुढे जाते. त्या मुलांच्या आयांनी ते दृश्य पहिल्यांदा दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहावे, हे मला मान्य नाही.