साळिंदराचे काटे

१३ जानेवारी, भोगी. लष्कर, ग्वाल्हेर.

सकाळपासून धुके हटलेले नाही. दुपारी वहिनी भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या घेऊन आल्या आणि दार उघडे असतानाही उंबऱ्याबाहेर थांबून त्यांनी विचारले, "भाऊजी, येऊ का?" आठ वर्षांपूर्वी या वाड्यात एकच चूल होती आणि कोणी कोणाला असे विचारीत नसे. दादाची आणि माझी चूल वेगळी झाली, चौकात भिंत उभी राहिली आणि त्यानंतरच आम्ही दोघे एकमेकांशी नीट बोलू लागलो, ही गोष्ट मला अजूनही सलते.

त्या गेल्यावर जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवरची साळिंदरांची गोष्ट पुन्हा काढून वाचली. १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधसंग्रहाच्या दुसऱ्या खंडात, अगदी अखेरीस ती येते. कडाक्याच्या थंडीत साळिंदरे उबेसाठी एकमेकांना बिलगतात, काटे टोचताच दूर होतात, गारठली की पुन्हा जवळ सरकतात आणि असे करता करता दोन्ही त्रास सोसवतील एवढे एक अंतर त्यांना सापडते. माणसांच्या बाबतीत त्या अंतराला तो शिष्टाचार म्हणतो. जो ते पाळत नाही त्याला इंग्लंडात "अंतर राखा" असे बजावतात, हेही तो मिश्कीलपणे नोंदवतो. ज्याच्यापाशी स्वतःचीच ऊब पुष्कळ आहे तो समाजापासून दूर राहणेच पसंत करील, असा त्याचा शेवट आहे.

हे वाचताना हसू येते, पण त्याचे आयुष्य आठवले की ते ओसरते. आई योहाना नावाजलेल्या लेखिका. १८१४ मध्ये वायमार येथे त्यांच्याशी त्याचे असे बिनसले की १८३८ मध्ये त्या वारल्या तोवर मायलेकांची पुन्हा भेट झाली नाही. उत्तरायुष्य त्याने फ्रांकफुर्टमध्ये एकट्याने काढले आणि सोबतीच्या पूडल कुत्र्याला तो "आत्मा" म्हणत असे. उपनिषदांवर त्याचे फार प्रेम होते. ती त्याला भेटली लॅटिनमधून, आणि त्या लॅटिनच्या मुळाशी होते दारा शुकोहचे १६५७ सालचे फारसी भाषांतर. त्या दाराला दोनच वर्षांनी सख्ख्या भावाने, औरंगजेबाने, ठार करविले आणि दाराचा मुलगा सुलेमान शुकोह १६६२ मध्ये आमच्या याच किल्ल्यावर कैदेत मेला. एरवी गच्चीवरून तो किल्ला समोर दिसतो. आज धुक्यात त्याची तटबंदीही दिसत नव्हती, तरी मी बराच वेळ तिकडे पाहत उभा होतो.

शोपेनहॉवरचे निरीक्षण मला मान्य आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही. साळिंदर काटे फुलवते ते भ्याल्यावर. एरवी ते अंगासरशी मिटलेले असतात आणि नर, मादी, पिले एकाच बिळात राहतात. घरगुती संस्कारांचे विधी सांगणाऱ्या आपल्या गृह्यसूत्रांत तर सीमंतोन्नयन या संस्काराच्या वेळी पतीने गर्भवती पत्नीचा भांग साळूच्या काट्याने पाडावा, असे सांगितले आहे. ज्या काट्याला तो दुराव्याचे कारण मानतो, तोच काटा इथे सर्वांत जवळच्या माणसाच्या मस्तकावरून हळुवार फिरतो. आईच्या शेवटच्या आजारपणात दादा आणि मी तीन आठवडे आळीपाळीने तिच्या उशाशी बसत होतो. भिंत तेव्हाही होती, पण त्या दिवसांत कोणी कोणाला टोचले नाही, कारण वाटणीत आपला वाटा जाईल ही भीतीच कोणाच्या मनात उरली नव्हती. काटे मुळात त्या भीतीने उभे राहिले होते, हे मला आज इतक्या उशिरा उमगते आहे.

वहिनींच्या "येऊ का?" मध्ये दुरावा नव्हता. आपल्या येण्याने समोरच्याला संकोच होऊ नये, एवढीच काळजी त्यात होती, आणि मी मात्र भिंतीकडे पाहत "या ना" एवढेच म्हणालो.

त्यांचा डबा घासून ठेवला आहे. भरला डबा रिकामा परत करायचा नाही, हा आईचा शिरस्ता, म्हणून उद्या संक्रांतीला त्यात तिळाच्या वड्या घालून मी स्वतः घेऊन जाईन आणि दादाच्या उंबऱ्यापाशी थांबून "येऊ का?" असे विचारीन.