तिन्ही गोष्टी होत्या, तरी चालू होईना

पहिल्यांदा दोरी ओढली आणि इंजिनाने ती हातातून उलटी हिसकावून घेतली. मूठ जाऊन पत्र्यावर आपटली. बोटांची पेरं झणझणत राहिली. वाटलं, आपणच ओढायला कमी पडलो. अर्धवट जोर लावला की जुनं इंजिन असा उलटा झटका देतंच. दुसऱ्यांदा पाय रोवून ओढली. पुन्हा तेच.

मशीन म्हणजे पेट्रोलवर चालणारा जुना लॉनमोवर, गवत कापायचं यंत्र. एकाच सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, आणि खाली पातं थेट क्रँकशाफ्टलाच, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या दांड्यालाच बसवलेलं. ही शेवटची गोष्ट मी सकाळीच ध्यानात घेतली असती, तर माझा अर्धा दिवस वाचला असता. घरामागच्या शेडमध्ये मी अशी जुनी यंत्रं दुरुस्त करते. ओळखीचे लोक आणून ठेवतात. हे घेऊन आलेले काका आल्याआल्याच म्हणाले, "अगं, काल दुपारपर्यंत व्यवस्थित चालत होतं. मी काहीसुद्धा केलेलं नाही. कार्ब्युरेटरमध्ये कचरा असणार."

"मी काहीसुद्धा केलेलं नाही" हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक मशीनबरोबर येतं. तरी मी काकांचं ऐकलं, कारण अंदाज वाईट नव्हता. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. महिनोन्महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि त्याचा थर पहिला तिथल्या जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या केसाएवढ्या भोकात बसतो. कार्ब्युरेटर काढला, वाटी उघडली. तळाशी पिवळट गाळ होताच, त्यामुळे माझा उत्साह आणखी वाढला. तांब्याच्या वायरची एक बारीक तार घेऊन जेट मोकळा केला (इथे पोलादी सुई घालू नये, भोक मोठं होतं), फ्लोटची सुई पाहिली, गॅस्केट बदललं. दोन तास गेले. सगळं जोडून दोरी ओढली तर झटका होताच, शिवाय कार्ब्युरेटरमधून "फट्ट" असा आवाज.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. प्लग काढून पाहिला, ओला होता. म्हणजे पेट्रोल आत पोचतंय. प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढली, तर निळा, दणदणीत स्पार्क. भोकावर अंगठा धरला, तर हवेने तो उडवून लावला. म्हणजे कॉम्प्रेशनही आहे. पेट्रोल, स्पार्क, दाब, तिन्ही हजर आणि इंजिन मात्र बंद. अशा वेळी प्रश्न एकच उरतो: स्पार्क पडतोय खरा, पण वेळेवर पडतोय का?

प्लगची वायर बाजूलाच ठेवून मोवर कलता केला, एअर फिल्टरची बाजू वर राहील असा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. पात्याच्या एका टोकाला ताजी, चकचकीत खोच होती. कुठेतरी जोरात बसलेलं.

आता फ्लायव्हील, म्हणजे शाफ्टवरचं जड चाक, काढणं आलं; स्पार्कची वेळ त्याच्यावरच ठरते. नट सोडताना ते फिरू नये म्हणून पूर्वी एकदा मी स्क्रूड्रायव्हर अडकवला होता आणि फ्लायव्हीलवरच्या पंख्याचं एक पातं तोडून बसले होते. तेव्हापासून दोरीची युक्ती वापरते: दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून मऊ दोरी आत सोडायची, टोक बाहेर ठेवायचं, आणि पिस्टन त्या गुंडाळीवर टेकेपर्यंत शाफ्ट फिरवायचा. नट निघाला. पुलर, म्हणजे चाक खेचून काढायचं साधन, लावून आळीपाळीने दोन्ही बोल्ट आवळले. बराच वेळ काही नाही, मग "टक्क". फ्लायव्हील हातात आलं.

फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर धरणारी, खाचेतली छोटी चावी मऊ धातूची असते. ती मधोमध कापली जाऊन तिला जिन्याच्या पायरीसारखा आकार आला होता. पातं कशावर तरी आपटून शाफ्ट जागच्या जागी थांबला, पण जड फ्लायव्हील आपल्या वेगात पुढे सरकलं. चुंबक त्याच्यावरच असतो, तोही पुढे गेला. म्हणजे स्पार्क तयार करणाऱ्या कॉइलसमोर तो आता लवकर पोचणार आणि स्पार्कही लवकर पडणार. 20 मिलिमीटर जाडीच्या शाफ्टवर 1 मिलिमीटर सरकलं तरी जवळजवळ 6 अंशांचा फरक पडतो. इथे दोन मिलिमीटरच्या आसपास सरकलं होतं. पिस्टन अजून वर चढतोय तोवर आत भडका उडतो आणि त्याला उलटा ढकलतो. माझ्या बोटांवर सकाळपासून त्याचाच झटका बसत होता.

चावी काकांच्या तळहातावर ठेवली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कडेला एक खुंट होता. गवतात दिसला नाही."

मी काही बोलले नाही.

"मग आता पोलादी चावी टाक ना. पुन्हा तुटायला नको."

याला मी साफ नकार दिला. पुढच्या खुंटाला चावी तुटली नाही, तर सगळा धक्का शाफ्ट आणि फ्लायव्हीलच्या खाचा झेलणार. पोलादी चावीने फाटलेली खाच मी एकदा पाहिलेली आहे.

शाफ्ट वाकलाय का, हेही बघायचं होतं. पात्याचं एक टोक कडेच्या एका खुणेशी आणून उंची मोजली, मग दुसरं टोक त्याच खुणेशी. फरक होता. पातं सोडून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून बसवलं आणि पुन्हा मोजलं, तर फरक पात्याबरोबर फिरला. म्हणजे वाकलं होतं ते पातं, शाफ्ट नाही. हे कळेपर्यंत माझा जीव टांगणीला होता, कारण वाकलेला शाफ्ट म्हणजे मशीन भंगारात.

नवी चावी, नवं पातं. कॉइल आणि चुंबकाच्या मध्ये जाड व्हिजिटिंग कार्ड ठेवून फट लावली. अशा इंजिनांना साधारण 0.25 ते 0.35 मिलिमीटर चालते. दुसऱ्या ओढीला इंजिन चालू झालं.

काकांनी समाधानाने मान हलवली. मशीन गाडीत चढवताना म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? कार्ब्युरेटर साफ केल्यावर कसं लगेच चालू झालं."