आता डाव्याची तक्रार

मंगळवार, रात्र

पहाटे तीनला पुन्हा जाग. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर, मुंग्या पार कोपरापर्यंत. हात झटकला, पलंगाखाली लोंबत सोडला, दहाएक मिनिटांनी बोटं माझी झाली. महिनाभर हेच चाललंय. शेवटी आज अर्धी रजा टाकून डॉक्टरांकडे गेले.

गेल्या गेल्या त्यांनी उजवा हात धरला. साहजिकच आहे. खांद्यातून आत वळलेला, कोपरात जरा वाकलेला, डाव्यापेक्षा बारीक. 47 वर्षं घरातला अधिकृत पेशंट तोच. म्हटलं, "डॉक्टर, हा नाही. दुखतोय तो चांगला."

जन्माच्या वेळी डोकं आलं आणि खांदा अडकला. मी साडेचार किलोची, आई अजून कौतुकाने सांगते. ओढाओढीत मानेतून हातात उतरणाऱ्या नसांच्या जुडग्यातल्या वरच्या दोन मुळांना, पाचव्या आणि सहाव्या, ताण बसला. अर्ब्ज पाल्सी. बोटं शाबूत राहिली, मूठ घट्ट वळते. पण दंड बाजूला उचलायचा नि बाहेर फिरवायचा, ही कामं त्या दोन मुळांची. आजीने वर्षभर तेल चोळलं. कोपर थोडंफार सुटलं, खांदा नाही.

घास तोंडाकडे नेला की उजवं कोपर आपोआप वर जातं. डॉक्टर लोक त्याला तुतारीवाल्याची खूण म्हणतात म्हणे. मावशीच्या लग्नात "उजव्या हाताने जेव गं" म्हणून कुणीतरी दटावलं आणि मी पहिल्याच घासाला शेजारच्या काकूंचा मठ्ठा त्यांच्या शालूवर सांडला. त्यानंतर जेवायला कुणी उजव्याचा आग्रह धरला नाही. प्रसादाला मात्र धरतात, अजूनही. मग मी उजवी ओंजळ पोटाशी धरते आणि गुरुजींना खाली वाकावं लागतं.

बाकी सगळं डाव्यावर. पोळ्या, बादल्या, एसटीतला वरचा दांडा, पोरीला कडेवर घेणं. आणि 23 वर्षं फळा. मी इतिहास शिकवते, म्हणजे सनावळ्या लिहिण्यात हयात गेली. डॉक्टरांनी विचारलं, फळ्यावर किती उंच लिहिता? मी उठून दाखवायला गेले आणि खांद्याच्या वर हात जाताच कळ आली. त्यांनी नुसतं "हं" केलं.

मग कागदावर आकृती काढून समजावलं. नसेला जी इजा झाली ती तेव्हाच झाली, ती काही वाढत नाही. पण आत वळवणारे स्नायू दणकट आणि बाहेर वळवणारे दुबळे, या ओढीत लहानपणी वाढणाऱ्या सांध्याची खोबणच वाकडी घडते. खांदा हलत नाही म्हणून त्याचं काम पाठीचं फावडं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, करतं, आणि फावड्याला उचलून धरायला मानेचे स्नायू दिवसभर ताठ. उंचावरचं काही घ्यायचं तर मी कमरेतून डावीकडे कलते. हे मला आज कळलं, नवऱ्याला म्हणे लग्नापासून माहीत होतं. आणि डावा दोघांचं काम करतो. त्याच्या खांद्यातला स्नायूबंध सुजलाय, मनगटातली नस दबलीय. मान, कंबर, खांदा, मनगट ही मला चार वेगळी दुखणी वाटत होती. चौघांसाठी मी चार बामच्या बाटल्या ठेवल्या होत्या!

येताना रिक्षात कैसर आठवला. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म, जन्म 1859, पायाळू. त्याचा डावा हात असाच गेला, उजव्यापेक्षा जवळजवळ 15 सेंटीमीटर आखूड राहिला. लहानपणी त्याचा हात ताज्या मारलेल्या सशात गुंडाळून ठेवायचे, विजेचे झटके द्यायचे. फोटोत तो त्या हातात हातमोजे धरून उभा असतो, आखूडपणा दिसू नये म्हणून. नववीला पहिलं महायुद्ध शिकवताना दरवर्षी मी हे सांगते, पोरं सशापाशी "शी" करतात. त्याच्या उजव्या हाताबद्दल मात्र मी कधी एक वाक्य बोलले नाही. सुचलंच नाही.

माझ्या अपंगत्वाच्या दाखल्यावरही उजव्याचेच टक्के. 40 ची रेघ ओलांडली म्हणून दाखला मिळाला, तोही कोपर-खांदा कोनमापकाने मोजून. डाव्याला तेव्हा कुणी हातही लावला नाही. त्याच्यावर कसली टक्केवारी बसवणार म्हणा, सही त्यानेच केली होती.

उपाय साधे आहेत, पाळणं अवघड. फळ्याचा वरचा अर्धा भाग विसरायचा. कणीक कुणीतरी दुसऱ्याने मळायची. दोन्ही फावड्यांचे व्यायाम रोज. आणि रात्री डाव्या मनगटाला पट्टा, आत लोखंडी पट्टी असलेला, मनगट सरळ राहावं म्हणून.

तो पट्टा आत्ता बांधला. डाव्याला डाव्याने बांधता येत नाही, तेव्हा मांडीवर ठेवला आणि उजव्याने चिकटपट्टी ओढली. मांडीवर, पोटाजवळ काहीही आणून द्या, उजवा नीट करतो. तीन वेळा सोडून पुन्हा बांधला, उगाच.

मग लक्षात आलं, पंखा लावायचा राहिलाय आणि बटण डोक्याच्या वर आहे. ह्यांना हाक मारलीय. येतायत.