सिंधूकाठचं गरम पाणी

रविवार रात्र, पुणे

चुमाथांगबद्दल, म्हणजे लडाखमधल्या सिंधूकाठच्या गरम झऱ्यांच्या गावाबद्दल, लिहायचं राहूनच जात होतं. लडाखला जाऊन आलेले सगळे पँगाँगचे फोटो टाकतात, खार्दुंग ला च्या बोर्डापाशी उभे राहतात, आणि चुमाथांग बहुतेकांच्या प्लॅनमध्ये असतं ते त्सो मोरिरी सरोवराला जाताना चहा प्यायचं ठिकाण म्हणून, गाडी थांबते, मॅगी होते, वाफेचा एक व्हिडिओ होतो आणि गाडी निघते. मला मात्र परत आल्यापासून रोज तेच आठवतंय, सकाळी गिझर लावला की हमखास.

आत्याला घेऊन गेले होते. तिचे गुडघे गेली कित्येक वर्षं दुखतात आणि तिची फार इच्छा होती सिंधू बघायची. रोज आंघोळ करताना श्लोकात सात नद्यांची नावं घ्यायची, त्यातल्या बाकीच्या सहांपैकी ज्या आहेत त्यांना हात लावून झाला, सिंधू तेवढी राहिली, असं ती म्हणायची. डॉक्टरांना विचारून, बीपीच्या गोळ्या ॲडजस्ट करून, लेहमध्ये नुसतं पडून राहून, भरपूर पाणी पिऊन मग आम्ही पुढे निघालो. हे मुद्दाम लिहून ठेवतेय कारण वयस्कर माणसांना घेऊन जाणारे पुष्कळजण विमानातून उतरल्या उतरल्या फिरायला निघतात. पुणं 560 मीटरवर आहे, लेह साडेतीन हजारावर, शरीराला तो फरक पचवायला वेळ दिलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही.

लेह ते चुमाथांग साधारण 140 किलोमीटर. कारू, मग उपशी. उपशीला मनालीचा रस्ता नदी ओलांडून वेगळा होतो आणि आपला रस्ता सिंधूला धरून सरळ वर जातो, आणि मग नदी काही सोडत नाही. सप्टेंबर होता त्यामुळे पाणी निवळायला लागलं होतं, उन्हाळ्यातला तो गढूळ राखाडी रंग जाऊन हिरवट झालं होतं. डोंगर कुठे जांभळे, कुठे विटकरी, कुठे चक्क हिरवे, आणि तो हिरवा रंग दगडाचाच, गवताचं पातं नाही. वर्षभरात सगळा मिळून 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे ताम्हिणीत तेवढा एका दिवसात पडून जातो. जिथे वरून एखादा ओढा येतो तिथेच गाव, चार पॉप्लर, थोडे विलो, जवाची कापणी झालेली छोटी छोटी शेतं, आणि ओढा संपला की पुन्हा दगड. आत्या खिडकीतून बघत होती आणि मधेच म्हणाली, "एवढी मोठी नदी वाहतीये आणि दोन हातांवर सगळं कोरडं, हिचं पाणी ह्यांना उचलता येत नाही का गं?" खरं तर बरंचसं नाहीच येत, नदी खोल घळीतून जाते आणि शेतं वरच्या ओढ्यांवरच जगतात.

चुमाथांगला उतरल्यावर आधी वास येतो, थोडा गंधकासारखा. मग वाफ दिसते, ती पण सकाळी आणि संध्याकाळी जास्त, भर उन्हात कमी. पाणी एकाच जागी येत नाही, काठाकाठाने बऱ्याच ठिकाणी येतं, दगडांच्या फटीतून, वाळूतून, आणि काही झरे तर थेट नदीच्या पात्रातच. एका ठिकाणी राखाडी चिखल पिठलं रटरटावं तसा रटरटत होता. आजूबाजूला पांढरा क्षाराचा थर जमलेला, पायाखाली कुरकुरतो. त्यावरून जपून चालायचं, कारण वरून कडक दिसतं आणि खाली उकळतं पाणी असू शकतं.

आणि उकळतं म्हणजे खरोखर उकळतं. तिथली उंची 4,000 मीटरच्या आसपास, तिथे पाणी 86-87 अंशालाच उकळतं, आणि झऱ्यांपैकी सगळ्यात गरम जे आहेत ते साधारण त्याच तापमानाला बाहेर येतात. म्हणजे ह्याहून गरम पाणी म्हणून जमिनीवर येऊच शकत नाही, त्याची वाफच होईल. हे आत्याला सांगितल्यावर तिला लगेच तिच्या कामाचं कळलं, म्हणाली तरीच काल होमस्टेच्या आमा-ले (तिकडे आईला असं म्हणतात) राजम्याला एवढ्या शिट्ट्या घेत होत्या. बरोबर आहे, उघड्या भांड्यात तिथे डाळ शिजतच नाही लवकर, कितीही जाळ लावा. कुकर नसेल तर तिथलं घर चालणार नाही.

मला स्वतःला गरम पाण्याचे झरे नवीन नव्हते. लहानपणी सुट्टीत महाडला गेलं की सवला जायचो, सावित्री नदीच्या जवळ, तिथे आजूबाजूला सगळं ओलं हिरवं, नारळ, अंगाला घाम, आणि त्यात गरम पाण्यात बसायचं. कोकणपट्टीत असे झरे खूप आहेत, पालीजवळ उन्हेरे, दापोलीकडे उन्हवरे, संगमेश्वरजवळ तुरळ, राजवाडी, आरवली, तिकडे वर वज्रेश्वरी-गणेशपुरी. तिथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल जातं, जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश तापमान वाढतं, ते पाणी तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. लडाखमध्ये गोष्ट वेगळी आहे. साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला जिथे भिडला ती शिवण सिंधूच्याच बाजूने जाते, आणि नदी अजून तिला धरून वाहतेय. तिथे जमीन खूप चिरफाळलेली आहे, खालची उष्णता कोकणापेक्षा खूप जास्त आहे, आणि वर पडलेल्या बर्फाचं मुरलेलं पाणी तापून ह्या फटींतून बाहेर येतं. काठावर उभं राहून हे डोक्यात आलं तेव्हा मी बराच वेळ गप्पच होते. एका पायाखाली गरम वाळू, दुसरा पाय नदीत, आणि नदी इतकी गार की घोटा बधिर झाला.

आंघोळीची सोय म्हणजे पाइपाने पाणी आणलेल्या छोट्या खोल्या आहेत, थोडे पैसे देऊन बादलीने आंघोळ करता येते. पण आत्याला नदीच्या काठी बसायचं होतं. तिथे गावातल्या दोघी बायका आधीच होत्या, एकीने घोंगडीसारखं जाड काहीतरी धुवायला आणलेलं, दुसरी नुसती पाय सोडून बसलेली. त्यांनी दगड लावून नदीचं एक छोटं खाचर अडवलं होतं, एका बाजूने झऱ्याचं पाणी येतंय, दुसऱ्या बाजूने सिंधूचं, आणि मधला एक दगड काढला की गार पाणी जास्त, लावला की गरम जास्त. एवढी साधी, एवढी नेमकी सोय. पाय सोडून बसलेल्या आजींनी आत्याकडे बघितलं, तिच्या चालण्याकडे बघितलं, स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बाजूला सरकल्या. आत्या म्हणाली "जुले", म्हणजे लडाखी नमस्कार, त्या म्हणाल्या "जुले", आणि दोघी शेजारी शेजारी बसल्या. भाषा एकमेकींची एक अक्षर कळत नव्हती. थोड्या वेळाने आत्या मराठीत सांगत होती की डावा जास्त दुखतो, आणि त्या लडाखीत काहीतरी सांगत होत्या, आणि दोघींच्या माना हलत होत्या.

मी सलवार गुडघ्यापर्यंत वर करून बसले. ते पाणी अंगाला किती बरं वाटतं ते मला सांगता येणार नाही. वर वारा बोचरा, दुपारनंतर तर तिकडे वारा सुटतोच, तोंडावर ऊन कडक, आणि पोटऱ्यांपर्यंत ऊब. पण जास्त वेळ बसायचं नाही हे ड्रायव्हरदादांनी आधीच बजावलं होतं, आणि ते बरोबरच आहे, गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं, त्यात हवेत ऑक्सिजन कमी, पटकन उठलं तर चक्कर येते. आत्याला आधी काठावर बसवलं, पाणी पाजलं, खडीसाखर दिली, मग हाताला धरून उठवलं.

अजून एक गोष्ट ड्रायव्हरदादांनी सांगितली होती, उतरतानाच, "मॅडमजी, साबुन-शॅम्पू नदी में नहीं." आजूबाजूला बघितलं तर दगडांत शॅम्पूच्या पाऊचचे तुकडे अडकलेले होतेच, वेफर्सची पाकिटं, ओले वाइप्स. ती घोंगडी धुणारी बाई नुसत्या गरम पाण्याने तुडवून धुवत होती आणि ते पाणी नदीपासून लांब टाकत होती. ज्यांच्याकडे पाणी इतकं कमी आहे ते इतकं जपून वागतात, आणि बाहेरून एका दुपारसाठी येणारे पाऊच टाकून जातात, मला ह्याचा खरंच राग आला आणि अजून आहे. आम्ही दोघींनी पिशवीत मावेल तेवढा कचरा उचलला आणि लेहला परत आणला. त्याने फार काही होत नाही हे मला माहितीये, पण मी तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला हे सांगणार आहे. मुठेचं आपण काय केलंय ते रोज भिडे पुलावरून दिसतं मला, पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडतात तेवढे दिवस ती नदी दिसते. सिंधू तिथे अजून स्वच्छ आहे.

तिथून पुढे माहे पुलावरून सिंधू ओलांडून आम्ही सुमडोवरून पुगाला गेलो. पुगा आणखी उंच, साधारण 4,400 मीटर, रुंद दलदलीचं खोरं, जिकडे तिकडे वाफा, गंधकाचे पिवळे आणि बोरॅक्सचे पांढरे थर. चांगपा हे भटके पशुपालक लोक ह्या भागात शेळ्या-मेंढ्या, याक घेऊन फिरतात, पश्मिना ज्यांच्यापासून मिळतो त्याच शेळ्या. दूरवर कियांग दिसले, जंगली गाढवं. पुगाला जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करायचा विचार जुना आहे, 1970 च्या दशकात जिऑलॉजिकल सर्व्हेने तिथे विहिरी खणून पाहिल्या होत्या, आणि 2021 मध्ये ओएनजीसी ह्या सरकारी तेल कंपनीबरोबर करार झाला, आधी 1 मेगावॅटचा छोटा प्रयोग. मला मनापासून वाटतं की हे व्हावं. हिवाळ्यात तिथे उणे 30 पर्यंत जातं, ऊब मिळवायला शेण्या आणि डिझेल, आणि पायाखाली एवढी उष्णता पडून आहे. फक्त खालचं वापरलेलं क्षारवालं पाणी ओढ्यात न सोडता परत खाली घातलं पाहिजे, ते ओढे शेवटी सिंधूलाच मिळतात आणि त्याच्यावर जनावरं आणि माणसं जगतात. आणि चुमाथांगला काठावर बसायची ती जागा गावाकडेच राहावी. तिथे रिसॉर्टचं टाइल्स लावलेलं कुंड झालं तर त्या आजी कुठे बसणार?

आत्याचे गुडघे बरे झाले का, असं सगळे विचारतात. बरे नाही झाले. तिथे दोन रात्री ती छान झोपली, जिना न धरता उतरली, आणि पुण्याला आल्यावर आठवड्याभरात दुखणं परत सुरू झालं. गरम पाण्याने स्नायू सैल होतात, थोडा वेळ आराम पडतो, झीज भरून येत नाही, हे तिच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण आज फोनवर ती म्हणाली, "मला तसं पाय सोडून बसायचंय परत, आणि एकटीने नाही, चार बायकांत."

लडाखला दर वर्षी जाता येणार नाही. सव आहे ना पण, पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, वरंध घाट चालू असला तर. महाडच्या मावसभावाला उद्या फोन करते, पावसानंतर कुंडांकडे जायचा रस्ता कसा आहे आणि बायकांना बसायला वेगळी सोय आहे का ते विचारायला. आत्याने तिच्या भजनी मंडळातल्या दोघींना सांगून पण टाकलंय.