मुद्दलाला हात न लावता

माझ्या थोरल्या बहिणीने निवृत्तीनंतरची पंधरा वर्षे एक नियम कसोशीने पाळला. नोकरी संपताना हाती आलेली सगळी रक्कम तिने मुदत ठेवींत ठेवली, दर महिन्याला खात्यात जमा होणाऱ्या व्याजावर घर चालवले आणि ठेवीची मुदत संपली की तेवढीच रक्कम पुन्हा ठेवीत टाकली. गेल्या वर्षी तिच्या आग्रहावरून मी तिचे हिशेब पाहायला बसलो, तेव्हा ती म्हणाली, "मी मुद्दलाला कधी हात लावला नाही. मग आता महिनाअखेर पैसे का पुरत नाहीत?" वही नीट लिहिलेली होती, उधळपट्टीचा मागमूस नव्हता, आणि तरीही तिची ओढाताण खरी होती. माझी स्वतःची निवृत्ती तीन वर्षांवर आलेली असल्यामुळे हा प्रश्न माझ्याही मनात घर करून बसला, आणि गेले वर्षभर मी त्याचाच अभ्यास करतो आहे.

हिशेब सोपा करण्यासाठी असे समजू की निधी १०० आहे, त्यावर वर्षाला ७ टक्के व्याज मिळते आणि महागाई ५ टक्क्यांनी वाढते. ताईने दरवर्षी मिळालेले सातच्या सात खर्च केले. १०० चा आकडा कागदावर तसाच राहिला, परंतु १५ वर्षांत वस्तूंच्या किमती दुपटीहून किंचित अधिक झाल्या, त्यामुळे सोळाव्या वर्षी हाती येणाऱ्या ७ मध्ये सुरुवातीच्या सुमारे ३.४ इतकीच खरेदी होऊ शकली, आणि ठेवीचीही किंमत त्याच प्रमाणात निम्म्याखाली आली. तिने हात लावला नसला तरी मुद्दल झिजत होते, आणि ते ती दरमहा व्याजाच्या रूपाने स्वतःच खर्च करीत होती. मिळालेल्या ७ पैकी ५ ही निव्वळ झीज भरून काढणारी रक्कम होती; मुद्दलाचे मोल राखून खर्च करता येण्याजोगे उत्पन्न जेमतेम २ होते. व्याजावर कर बसत असेल तर तेही कमी होते.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये केलेली उत्पन्नाची व्याख्या मला या संदर्भात फार मोलाची वाटते. आठवड्याच्या सुरुवातीला माणूस जितक्या सुस्थितीत होता तितक्याच सुस्थितीत तो आठवड्याच्या शेवटी राहील, अशा बेताने त्याला जास्तीत जास्त जेवढा खर्च करता येईल, तेवढे त्याचे उत्पन्न, असा तिचा आशय आहे. बसल्या जागी मिळणाऱ्या उत्पन्नाच्या योजना सांगणारी माणसे बहुधा खात्यात जमा होणारा आकडा दाखवतात, आणि त्यातले उत्पन्न किती व झीज किती हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही.

मग ताईने किती खर्च करायला हवा होता? हाच निधी, हेच व्याज आणि हीच महागाई धरून मी ३० वर्षांचे कोष्टक मांडले. वर्षअखेरीस रक्कम काढायची आणि दरवर्षी ती ५ टक्क्यांनी वाढवायची असे ठरवले, तर पहिल्या वर्षी सुमारे ४.६ काढता येतात. उरलेले व्याज मुद्दलात मिळत जाते, निधी पहिली तेरा वर्षे वाढत वाढत १२० च्या जवळ पोहोचतो, चौदाव्या वर्षापासून मात्र व्याज अपुरे पडून मुद्दलातून थोडे थोडे काढावे लागते आणि तिसाव्या वर्षाच्या शेवटी निधी संपतो. या कोष्टकाने माझ्या दोन समजुती एकदम मोडल्या. निवृत्तीच्या पहिल्या वर्षांत, हातपाय चालत असताना आणि व्याज भरपूर वाटत असतानाच, त्यातला तिसरा हिस्सा बाजूला ठेवावा लागतो. आणि उतारवयात मुद्दलाला हात लावणे हा अपराध नसून त्याच कामासाठी ते साठवलेले असते.

कोष्टकात दरवर्षी ७ टक्के ठाम मिळतात, प्रत्यक्षात तसे घडत नाही. महागाईच्या पुढे राहायचे तर निधीचा काही भाग शेअर बाजारात, माझ्या मते कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात (बाजार निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात), असणे आवश्यक आहे, आणि तिथला परतावा वर्षागणिक खालीवर होतो. नोकरीच्या काळात हे चढउतार कोणत्या क्रमाने आले याने एकरकमी गुंतवणुकीला फरक पडत नाही. रक्कम काढू लागल्यावर मात्र हा क्रमच सारे ठरवू लागतो. १०० चा निधी एका वर्षी २० टक्क्यांनी घटला, दुसऱ्या वर्षी १० टक्क्यांनी आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्क्यांनी वाढला, तर तो ११० होतो, आणि हीच वर्षे उलट क्रमाने आली तरी ११०च होतो. आता दरवर्षअखेरीस त्यातून ५ काढून पाहा. घट आधी आली तर तीन वर्षांनी सुमारे ९१.९ उरतात, वाढ आधी आली तर ९६.६ उरतात. सरासरी तीच, माणूस तितकाच काटकसरी, आणि तरी तीन वर्षांत जवळजवळ एका वर्षाच्या खर्चाचा फरक पडला.

अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये याच अंगाने तिथल्या शेअर आणि सरकारी रोख्यांचे १९२६ पासूनचे आकडे तपासले. पहिल्या वर्षी निधीच्या किती टक्के रक्कम काढून पुढे ती महागाईप्रमाणे वाढवत नेली तर निधी निदान ३० वर्षे टिकेल, या प्रश्नाचे त्यांना मिळालेले उत्तर सुमारे ४ टक्के असे होते. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट निधी हवा, हा पुष्कळ ठिकाणी ऐकू येणारा ठोकताळा त्यातूनच निघाला. तो एका देशाच्या, एका कालखंडाच्या आकड्यांवर उभा आहे हे विसरून तो जसाच्या तसा उचलणे मला धोक्याचे वाटते. त्या अभ्यासात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांची अवस्था सर्वांत बिकट ठरली, कारण निवृत्तीची सुरुवातीचीच वर्षे मंद बाजाराची आणि तीव्र महागाईची निघाली. म्हणून मी बाजारातल्या गुंतवणुकीपासून वेगळा असा दोन ते तीन वर्षांचा खर्च बचत खात्यात आणि अल्प मुदतीच्या ठेवींत साठवतो आहे. त्याचा परतावा कमी आहे हे मला मान्य आहे. पडत्या बाजारात फंडातले युनिट, म्हणजे आपले हिस्से, विकावे लागू नयेत, एवढेच त्याचे काम.

विम्याविषयी मला जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथे झाली. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी एका परिचिताच्या सांगण्यावरून मी बचत आणि विमा एकत्र देणारी वीस वर्षांची पॉलिसी घेतली. हप्ता माझ्या पगाराच्या मानाने जड होता, त्यामुळे दुसरा विमा घेण्याचे त्राण उरले नाही. मुदत संपल्यावर मिळालेल्या रकमेचा परतावा काढून पाहिला तेव्हा तो त्या वीस वर्षांच्या महागाईइतकाही भरला नाही. परताव्याचे दुःख मी गिळू शकतो. परंतु त्या वीस वर्षांत, मुले लहान असताना, माझे काही बरेवाईट झाले असते तर घरच्यांना मिळणारी विम्याची रक्कम दोन वर्षांच्या घरखर्चालाही पुरली नसती, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते. शुद्ध मुदत विम्यात हयात राहिल्यास काहीच परत मिळत नाही, म्हणून लोक त्याकडे पाठ फिरवतात. पण म्हणूनच त्याचा हप्ता इतका कमी असतो की कमावत्या माणसाला वर्षाच्या खर्चाच्या कितीतरी पट संरक्षण घेता येते आणि उरलेले पैसे निवृत्तीच्या निधीकडे वळवता येतात.

लवकर मरण्याचा धोका मुदत विमा सांभाळतो. फार जगण्याचाही एक धोका असतो, आणि वरचे तीस वर्षांचे कोष्टक तिथेच तोकडे पडते. एकतिसाव्या वर्षी काय करायचे? एकट्या माणसाला याचे उत्तर देता येत नाही, कारण आपण किती जगणार हे त्याला ठाऊक नसते. हजारो माणसांच्या समूहाला ते देता येते. एडमंड हॅली, ज्यांचे नाव धूमकेतूला मिळाले तेच, यांनी १६९३ मध्ये ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचे कोष्टक तयार केले आणि वर्षासनाची, म्हणजे एकदा रक्कम भरली की हयात असेपर्यंत ठराविक हप्ता देत राहणाऱ्या योजनेची, किंमत घेणाऱ्याच्या वयावर कशी अवलंबून असावी हे गणिताने दाखवले. आजच्या आजीव वर्षासनाचे, म्हणजे ॲन्युइटीचे, तत्त्व तेच आहे. समूहातले जे लवकर जातात त्यांची शिल्लक दीर्घायुषी माणसांच्या हप्त्यांना पुरवली जाते, म्हणून वय जितके अधिक तितका त्याच रकमेवर मिळणारा हप्ता मोठा असतो. त्याची उणीव अशी की हप्ता महागाईबरोबर वाढणारा नसेल तर त्यालाही ताईच्या व्याजाचीच झीज लागते, आणि एकदा दिलेली रक्कम सहसा परत मागता येत नाही. त्यामुळे सगळा निधी त्यात घालावा असे मी म्हणणार नाही. अन्न, निवारा, औषधे आणि आरोग्य विम्याचा हप्ता हा ज्यावाचून चालणार नाही असा खर्च आजन्म मिळणाऱ्या उत्पन्नातून भागावा, आणि प्रवास, भेटी, हौस यांचा खर्च बाजारातल्या निधीतून व्हावा, अशी विभागणी मला पटते, कारण हा दुसरा खर्च वाईट वर्षी आखडता घेता येतो. आरोग्य विम्याला मी आवश्यक खर्चात मुद्दाम धरले आहे. एका मोठ्या आजारपणात दहा वर्षांच्या निगुतीची राखरांगोळी होऊ शकते, आणि वय व व्याधी वाढल्यावर नवा विमा मिळणे कठीण होते.

हे सगळे मी ताईला वही पुढ्यात ठेवून समजावले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "म्हणजे ते पैसे मला परत कधीच मिळायचे नाहीत?" अर्थशास्त्रज्ञ मेनाहेम यारी यांनी १९६५ मध्ये सिद्ध केले की वारसांसाठी काही मागे ठेवण्याची इच्छा नसलेल्या माणसाने, दर रास्त असतील तर, सगळी पुंजी वर्षासनात घालणे हिताचे ठरते, आणि तरीही जगभर फार थोडी माणसे आपण होऊन तसे करतात. ताईचा प्रश्न ऐकल्यावर त्याचे कारण मला शोधावे लागले नाही. आयुष्यभर जपलेली रक्कम एका सहीने हातची जाते, हे दुःख कोष्टकात मांडता येत नाही.

दोन महिने विचार करून तिने ठेवींपैकी सुमारे तिसरा भाग आजीव वर्षासनात घातला. तिच्या वयामुळे त्यावरचा हप्ता ठेवीच्या व्याजाहून बराच जास्त बसला आणि आवश्यक खर्चाची तूट भरून निघाली. उरलेल्या ठेवींचे व्याज आता ती पूर्ण खर्च करीत नाही, आणि मोठी गरज पडली तर मुद्दल मोडायचे असेही तिने वहीत लिहून ठेवले आहे. माझ्या बाबतीत निवृत्तीच्या दिवशीच वर्षासन घ्यावे, की प्रकृती साथ देत असेल तर सत्तरीपर्यंत थांबून वाढीव दराचा लाभ घ्यावा, हे मी अजून ठरवलेले नाही. तोवरच्या वर्षांचा खर्च वेगळा काढून ठेवण्याचे काम मात्र या महिन्यापासून सुरू केले आहे.